फलकावरचा क्रमांक उचलला जातो की नाही, हे पाहणे कोणाचे काम आहे?

प्रश्न : पूर्वभागातील शिक्षिका

सप्रेम नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेतील बहुसंख्य मुले यंत्रमाग कामगारांच्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरांतून येतात. घरी तेलुगू, गल्लीत दखनी किंवा कन्नड आणि वर्गात मराठी असा त्यांचा दिवस जातो. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. टेलि-मानस या शासकीय आणि इतर मदतवाहिन्यांचे क्रमांक वर्गात, वसतिगृहात आणि सर्वांच्या नजरेस पडेल अशा जागी ठळक अक्षरांत लावावेत, असे त्यांत एक तत्त्व आहे. त्यानुसार मुख्याध्यापकांनी फलक करून घेण्याचे ठरवले आणि मजकुराचे काम माझ्याकडे दिले. क्रमांकांची यादी कोणाच्या तरी मोबाइलवरून फिरत फिरत आमच्यापर्यंत आलेली होती. तीत पाच क्रमांक होते.

फलक रंगाऱ्याकडे देण्यापूर्वी एका शनिवारी दुपारी मी ते पाचही क्रमांक लावून पाहिले. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक लागला, भाषा निवडल्यावर एका बाईंशी बोलणे झाले आणि त्यांनी माझी चौकशी शांतपणे ऐकून घेतली. उरलेल्या चारांपैकी एक क्रमांक अस्तित्वातच नव्हता. दुसरा तीन वेळा पूर्ण वाजून बंद झाला. तिसऱ्यावर सेवा सोमवार ते शुक्रवार कार्यालयीन वेळेतच उपलब्ध असल्याचे ध्वनिमुद्रण ऐकू आले, परंतु यादीत मात्र त्यापुढे ‘चोवीस तास’ असे लिहिलेले होते. चौथा उचलला गेला, पण पलीकडच्या गृहस्थांनी काहीही विचारण्याआधी माझे नाव, पत्ता आणि वय मागितले आणि मी का विचारता असे म्हटल्यावर दूरध्वनी ठेवून दिला.

मी पंचेचाळीस वर्षांची आहे आणि केवळ चौकशी करत होते, तरी त्या चौथ्या क्रमांकानंतर मला पुन्हा फोन हातात घ्यावासा वाटेना. दहावीतील एखाद्या मुलाने घरातली सगळी माणसे झोपल्यावर, रात्री अकरा वाजता, धीर एकवटून तो क्रमांक लावला असता तर काय झाले असते, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. म्हणून जाणकारांना विचारते. अशी मदतवाहिनी चालवण्यासाठी शासनाची परवानगी किंवा नोंदणी लागते का? ती नीट चालते की नाही, हे कोण पाहते? तक्रार करायची झाल्यास कोणाकडे करावी? आणि मुलाने फोन केला तर ती गोष्ट घरी किंवा पोलिसांपर्यंत जाते का? कारण मुले मला सर्वांत आधी हाच प्रश्न विचारणार आहेत.

उत्तर : निवृत्त आरोग्य कर्मचारी

ताई, आधी शासकीय सेवेविषयी लिहितो, कारण तिथे देखरेखीची साखळी निदान कागदावर तरी स्पष्ट आहे. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय दूरमानस कार्यक्रमाची घोषणा झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, टेलि-मानस सुरू झाले. बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था त्याची शिखर संस्था आहे आणि तांत्रिक यंत्रणा तेथीलच आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने उभी राहिली. फोन घेणारी केंद्रे राज्यांची आहेत. पहिल्या स्तरावर प्रशिक्षित समुपदेशक व तज्ज्ञ बोलतात आणि गरज पडल्यास दुसऱ्या स्तरावर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालय किंवा ई-संजीवनी या शासकीय दूरसल्ला सेवेमार्फत डॉक्टरांकडे पाठवतात. याचा अर्थ असा की पैसा व धोरण केंद्राचे, केंद्र चालवण्याची जबाबदारी राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची आणि पाठपुरावा जिल्ह्याचा. सोलापूरपुरते पाहायचे तर जिल्ह्याच्या पातळीवर विचारणा करण्याची जागा म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम.

माझ्या नोकरीतल्या अनुभवावरून एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. आमच्याकडे जे मोजायला सांगितले जाई तेच काम होई. ऑक्टोबर २०२४ पर्यंत टेलि-मानसने १४ लाखांहून अधिक कॉल हाताळल्याचे केंद्र शासनाने सांगितले. हा आकडा मोठा आहे आणि त्यामागे हजारो लोकांचे श्रम आहेत. परंतु तो हाताळलेल्या कॉलचा आकडा आहे. किती कॉल वाजून बंद झाले, किती जणांनी वाट पाहून ठेवून दिले, सरासरी किती सेकंदांनी माणसाचा आवाज ऐकू आला, ज्यांना जिल्ह्याकडे पाठवले त्यांपैकी किती जण खरोखर बाह्यरुग्ण विभागाच्या दारापर्यंत पोहोचले, हे त्या आकड्यातून कळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या आणि हा सर्व राज्यांतील सर्वाधिक आकडा होता. मरणाची नोंद आपण एककापर्यंत ठेवतो, मग न उचललेल्या फोनचीही तितक्याच काटेकोरपणे ठेवता आली पाहिजे.

उत्तर : सोलापुरातील एक वकील

शिक्षिका ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून अनेकांना धक्का बसेल. खासगी मदतवाहिनी सुरू करण्यासाठी मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ खाली नोंदणी लागत नाही. त्या कायद्यात ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ म्हणजे जिथे मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना दाखल करून घेतले जाते किंवा उपचारासाठी ठेवले जाते अशी जागा, अशी व्याख्या आहे. कलम ६५ ची नोंदणी त्या जागेला लागू होते आणि कलम ५५ नुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने देखरेख करायची व सेवेतील त्रुटींच्या तक्रारी स्वीकारायच्या त्याही अशा आस्थापनांच्याच. फोनवर कोणी कोणाला दाखल करून घेत नाही, त्यामुळे मदतवाहिनी या व्याख्येच्या बाहेर राहते.

मग तिच्यावर लक्ष कोणाचे? ती सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्तांचे. पण ते हिशेब पाहतात, फोन कोण घेतो आणि काय बोलतो हे पाहत नाहीत. फोन घेणारी व्यक्ती चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असेल तर तिच्यापुरते भारतीय पुनर्वास परिषदेचे नियम आहेत, डॉक्टर असेल तर वैद्यक परिषदेचे. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र आजही बहुतांश ठिकाणी कोणीही लावू शकते. ग्राहक आयोगाचा मार्गही इथे अडतो, कारण ती सेवा मोबदला देऊन घेतलेली नसते. थोडक्यात, ज्याने आपला पत्ता मागितला त्याच्याविरुद्ध ‘त्याने वाईट सेवा दिली’ एवढ्याच कारणासाठी जाण्याचे निश्चित दार आज कायद्यात नाही. ही उणीव आहे आणि ती भरून काढण्याचे कर्तव्यही त्याच कायद्यात लिहिलेले आहे, हे कोणी लक्षात घेत नाही. कलम २९ नुसार आत्महत्या व आत्महत्येचे प्रयत्न कमी करण्यासाठी कार्यक्रम आखणे आणि राबवणे शासनावर बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणात २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. देशात कोणत्या वाहिन्या चालू आहेत, कोणत्या वेळेत आणि कोणत्या भाषांत, याची तपासलेली अधिकृत यादी प्रसिद्ध करण्यासाठी शासनाला नवा कायदा करण्याचीही गरज नाही.

आता मुलांचा प्रश्न. कलम २३ प्रमाणे मानसिक आरोग्याविषयीची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा अधिकार व्यक्तीला आहे. त्याला अपवाद आहेत. जिवाला धोका असेल किंवा दुसऱ्या कोणाला इजा होण्याची भीती असेल तर आवश्यक तेवढी माहिती देता येते. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते आणि तिला जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली शिक्षा करता येत नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३०९ कलमच नाही. लोकसेवकाला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते कलम २२६ आहे, त्याचा आपल्या मुलांशी संबंध येत नाही. म्हणून ‘फोन केला तर पोलीस पकडतील’ ही भीती मुलांच्या मनातून काढून टाका. एक अपवाद मात्र मुलांपासून लपवू नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, फोन घेणाऱ्यावरही आणि आपल्यावरही. मुलाने विश्वासाने सांगितल्यानंतर हे कळले तर त्याला फसवणूक वाटते. आधी सांगितलेले असले तर तसे वाटत नाही.

उत्तर : अक्कलकोट रोड

मी फार लिहिणारा नाही, पण या विषयावर गप्प बसणे मला बरे वाटत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशा एका क्रमांकावर फोन केला होता. कारखाना बंद पडला होता, दोन महिन्यांचे भाडे थकले होते आणि घरी कोणाला सांगण्यासारखे काही उरले नव्हते. पलीकडच्या माणसाने माझे नाव विचारले नाही. ‘आत्ता तुम्ही बसलेले आहात की चालत आहात?’ असे त्यांनी विचारले. मी चालत होतो. ‘कुठेतरी बसा, मी थांबतो,’ असे ते म्हणाले. बोलता बोलता मी तेलुगूत गेलो हे मला नंतर कळले. त्यांना तेलुगू येत नव्हते, तरी त्यांनी मला मध्येच तोडले नाही. पत्ता विचारला असता तर मी फोन ठेवला असता. ज्यांना देखरेख करायची आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे, एवढेच मला म्हणायचे आहे.

उत्तर : ऐकणारी

वरील गृहस्थांनी लिहिले ते वाचून थोडा वेळ थांबले आणि मग लिहायला बसले. आपण लिहिलेत, हे फार मोलाचे आहे. मी पुण्यात असताना आठ वर्षे एका मदतवाहिनीवर स्वयंसेवक म्हणून बसत होते आणि आता सोलापुरात आहे.

देखरेख हवी, यात मला शंका नाही. जी वाहिनी नाव-पत्ता विचारून फोन ठेवते तिने त्या दिवशी एका माणसाच्या मनात ‘मदत मागण्यात अर्थ नाही’ ही खात्री पक्की केलेली असते, आणि ती दुसऱ्या कोणाला सहजी पुसता येत नाही. परंतु देखरेख म्हणजे काय, याविषयी शासकीय मनात एक ठरलेले चित्र असते. नोंदवही, त्यात नाव, वय, लिंग, पत्ता, तक्रारीचा प्रकार, निराकरण झाले किंवा नाही. पाणीपुरवठ्याच्या तक्रारीसाठी हे योग्य आहे. इथे मात्र नोंदवहीतला पहिला रकानाच फोन ठेवायला लावतो. १९५३ साली लंडनमध्ये चॅड वराह यांनी समॅरिटन्स ही सेवा सुरू केली, तेव्हापासून या कामाचा पाया हाच राहिला की बोलणाऱ्याला आपली ओळख न सांगण्याची मुभा असावी आणि ऐकणाऱ्याने उपदेश करू नये. जगभरच्या अनेक वाहिन्या, आपल्याकडच्याही, त्याच परंपरेतून आलेल्या आहेत.

आमच्यावर देखरेख नव्हती असे नाही. ती आतून होती आणि कडक होती. निवड झाल्यानंतर कित्येक आठवडे प्रशिक्षण असे, त्यात एकमेकांना फोन करून सराव करावा लागे, आणि ज्येष्ठ स्वयंसेवकाच्या शेजारी बसून ऐकल्याशिवाय कोणाला एकट्याने फोन घेता येत नसे. पाळी संपल्यावर कोणाशी तरी बोलूनच घरी जायचे, हा नियम होता. मला पहिल्या वर्षी तो नियम जाचक वाटे. नंतर एका रात्री सव्वा तास बोललेल्या मुलीने मध्येच फोन ठेवला, तो पुन्हा आला नाही, आणि ती कोण, कुठली, पुढे तिचे काय झाले हे मला कधीच कळणार नव्हते. त्या पहाटे माझ्याशी बोलायला कोणी नसते तर मी ते काम तिथेच सोडले असते. ऐकणाऱ्यांची काळजी घेतली जाते की नाही, त्यांची पाळी किती तासांची आहे, एका वेळी किती जण बसतात, हेसुद्धा तपासणीचेच विषय आहेत. किंबहुना मला विचाराल तर बाहेरून येणाऱ्या तपासनिसाने सर्वांत आधी याच गोष्टी पाहाव्यात, कारण थकलेला माणूस सर्वप्रथम ऐकणे सोडतो.

म्हणून माझी मागणी अशी आहे की शासनाने फोनची मोजणी करावी, फोन करणाऱ्याची नव्हे. किती कॉल आले, किती उचलले, किती वेळात उचलले, कोणत्या भाषेत बोलणे झाले, किती वेळा रुग्णवाहिका किंवा पोलिसांची मदत घ्यावी लागली आणि ती बोलणाऱ्याच्या संमतीने की संमतीशिवाय, हे सर्व एकही नाव न लिहिता मोजता येते. प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आणि कालावधी तपासता येतो. बोलणे ध्वनिमुद्रित होत असेल तर ते फोनच्या सुरुवातीला सांगितले जाते का, किती दिवस ठेवले जाते आणि कोण ऐकू शकते, हे लेखी मागता येते. गुणवत्ता तपासण्यासाठी ध्वनिमुद्रण लागते हे मला मान्य आहे. आमच्यात यावरून पुष्कळ वाद झाले आणि मी दोन्ही बाजूंनी बोलले आहे. पण ज्याला न सांगता मुद्रित केले त्याच्या विश्वासावर आपण उभे आहोत, हे विसरून चालणार नाही.

ताई, आपण क्रमांक तपासून पाहिलेत ते योग्यच केलेत. पुढच्या वेळी मात्र फोन उचलताच ‘मी शाळेतून क्रमांक पडताळण्यासाठी बोलते आहे’ असे सांगा आणि मिनिटभरात संपवा. त्या वेळी दुसरा कोणी रांगेत असू शकतो.

उत्तर : परदेशस्थ सोलापूरकर

मी मूळची नवी पेठेतली आणि गेली अकरा वर्षे अमेरिकेत परिचारिका आहे. तपासणीच्या फोनचा विषय निघाला म्हणून लिहिते, कारण शिक्षिका ताईंनी एका शनिवारी जे केले तेच इथे शासनाच्या लेखापरीक्षण यंत्रणेने केले होते. माजी सैनिकांसाठी इथे त्यांच्या कल्याण खात्याची स्वतंत्र संकटवाहिनी आहे. २०१५ साली संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ओळख न देता तिच्यावर शंभराहून अधिक चाचणी कॉल केले. तीस सेकंदांत ९० टक्के कॉल उचलायचे असे त्या खात्याचे स्वतःचेच उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात सुमारे ७३ टक्के उचलले गेले. त्याच सुमारास त्या खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालातून काही कॉल पर्यायी केंद्रात जाऊन थेट ध्वनिमुद्रणावर थांबत असल्याचे उघड झाले. पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये एकही कॉल अनुत्तरित राहू नये, यासाठी खास कायदा झाला आणि गुणवत्ता तपासणीची लेखी पद्धत त्या खात्यावर बंधनकारक झाली. तो कायदा होण्यामागे कोणीतरी चिकाटीने मोजलेले सेकंद होते.

सर्वसामान्यांसाठी ९८८ हा तीन अंकी क्रमांक २०२० च्या कायद्याने ठरला आणि १६ जुलै २०२२ पासून देशभर सुरू झाला. जबाबदारी केंद्रीय आरोग्य खात्याच्या एका विभागाकडे आहे, चालवणारी संस्था खासगी व विना-नफा आहे आणि फोन घेणारी दोनशेहून अधिक केंद्रे स्थानिक आहेत. किती कॉल आले, किती उचलले आणि सरासरी किती सेकंदांत, हे दर महिन्याला प्रसिद्ध होते. १ डिसेंबर २०२२ रोजी तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या कंपनीवरील सायबर हल्ल्यामुळे ही दूरध्वनी सेवा जवळजवळ दिवसभर बंद पडली. त्यानंतर २०२३ मध्ये दूरसंचार आयोगाने नियम केला की ९८८ मध्ये बिघाड झाल्यास दूरध्वनी कंपन्यांनी तो कळवलाच पाहिजे. दुसरी अडचण अशी होती की कॉल मोबाइल क्रमांकाच्या आरंभीच्या अंकांवरून ठरणाऱ्या राज्यात जाई, माणूस प्रत्यक्षात हजार मैल दूर असला तरी. २०२४ मध्ये नवे नियम झाले आणि आता अचूक ठिकाण उघड न करता जवळच्या केंद्राकडे कॉल वळवला जातो. तेलंगणातून आलेले सिमकार्ड वापरणारा सोलापूरचा कामगार १४४१६ लावतो तेव्हा त्याचा फोन कोणत्या राज्यात जातो, हे आपणही विचारायला हवे.

सगळेच इथे आदर्श आहे असे कोणी समजू नये. जानेवारी २०२२ मध्ये संदेशाद्वारे मदत देणाऱ्या एका मोठ्या विना-नफा सेवेने लोकांच्या संभाषणांची माहिती, नावे काढून, स्वतःच स्थापन केलेल्या एका व्यावसायिक कंपनीला वापरू दिल्याचे वृत्तपत्रातून उघड झाले. गदारोळ झाल्यावर काही दिवसांत ते थांबले. पण ते उघड केले पत्रकारांनी. भारतात वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. मदतवाहिन्यांच्या बाबतीत त्याचा उपयोग करून घेण्याची जबाबदारी कोणीतरी उचलली पाहिजे.

उत्तर : पूर्वभागातील शिक्षिका

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभारी आहे. अक्कलकोट रोडच्या दादांचे उत्तर मी शिक्षककक्षात वाचून दाखवले. त्यानंतर कोणीही बराच वेळ बोलले नाही.

फलकावर आता दोनच क्रमांक ठेवले आहेत : टेलि-मानसचा १४४१६ आणि तातडीच्या प्रसंगासाठी ११२. त्याखाली ‘नाव सांगायचे नसेल तरी फोन करता येतो’ असे लिहायचे आहे. पण हे वाक्य मी माझ्या मनाने लिहू इच्छित नाही, म्हणून आधी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे लेखी विचारणा केली आहे. त्याशिवाय माहितीच्या अधिकारात अर्ज तयार केला आहे. वकील साहेब, कृपया पाहावे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा असल्यामुळे एवढेच बसले :

‘महाराष्ट्रातील टेलि-मानस केंद्रांबाबत मागील बारा महिन्यांची महिनावार माहिती असलेल्या अभिलेखांच्या प्रती मिळाव्यात : आलेले कॉल, उचललेले कॉल, उचलण्यापूर्वी तुटलेले कॉल, उचलण्यास लागलेला सरासरी वेळ, भाषेनुसार कॉलची संख्या, सोलापूर जिल्ह्याकडे पुढील उपचारासाठी पाठवलेल्या प्रकरणांची संख्या, मंजूर व भरलेली पदे, कॉल कोणत्या निकषावर राज्याकडे वळवला जातो त्याविषयीची सूचना, ध्वनिमुद्रणाविषयीची लेखी कार्यपद्धती. कोणत्याही व्यक्तीचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील नको आहे.’

उत्तर : सोलापुरातील एक वकील

अर्ज नेमका झाला आहे. कोठेही ‘का’ हा शब्द नाही, हे फार चांगले. जन माहिती अधिकाऱ्याने अभिलेखात असलेली माहिती द्यायची असते, कारणमीमांसा नव्हे. अर्ज का करता हे सांगण्याचे बंधन माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) मुळे आपल्यावर नाही. दहा रुपयांचे न्यायालयीन शुल्क मुद्रांक लावा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांचे कर्तव्य आहे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील मी विनामोबदला लिहून देईन. खासगी वाहिन्यांना हा कायदा थेट लागू नाही, मात्र ज्यांना शासनाकडून भरीव निधी मिळतो त्या त्याच्या कक्षेत येतात. आपल्या यादीतल्या चार क्रमांकांपैकी कोणी तसे आहे का, ते धर्मादाय कार्यालयातील हिशेबांवरून मी शोधून पाहतो.

उत्तर : पूर्वभागातील शिक्षिका

आभारी आहे. अर्ज सोमवारी देते. आणखी एक विनंती आहे. फलकावरचा मजकूर मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही लिहायचा आहे, कारण तो मुलांबरोबर पालकसभेला येणाऱ्या आयांनीही वाचला पाहिजे. कन्नडसाठी आमच्या शाळेतील एक बाई तयार आहेत. तेलुगूत शुद्ध आणि साधे लिहून देणारे कोणी आहे का? पुस्तकी भाषा नको, आपल्या साखर पेठेत आणि अशोक चौकात बोलतात तशी हवी.

उत्तर : अक्कलकोट रोड

मी लिहून देतो. बुधवारी सुट्टी आहे, शाळा सुटायच्या वेळी येईन. रंगाऱ्यालाही बोलावून ठेवा. तेलुगू अक्षरे काढताना मी शेजारी उभा राहीन.